नदी नसलेल्या देशातली पांढरी

ज्या देशात औषधालाही नदी नाही, त्या देशात मी नदीकाठची संस्कृती बघायला गेले होते, असं सांगितलं की आमच्या स्टाफरूममधल्या बायका अजून तोंडाला पदर लावतात. लावू देत. माझी उभी हयात सहावीच्या पोरांना सिंधू संस्कृती शिकवण्यात गेली. काटकोनात छेदणारे रस्ते, झाकलेली गटारं, एका मापाच्या विटा, धान्याची कोठारं. आणि हे सगळं मी शिकवते कुठं, तर प्रवरेकाठच्या अशा गावात, जिथं रस्ता कुठं संपला आणि गटार कुठं सुरू झालं हे पाहुण्याला हात धरून दाखवावं लागतं.

माझा मुलगा अविनाश याच गावच्या पांढरीवर वाढला. आमच्याकडे शेताची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. शेकडो वर्षांची चुलीची राख, शेणमाती, पडलेल्या भिंती असं सगळं मुरून ती माती भुरकट होते. लोक तिच्या गाड्या भरून नेतात आणि धाब्याच्या छपरावर पसरतात. गाड्या भरताना रंगवलेली खापरं निघतात. अवीनं लहानपणी गोट्या जमवल्या नाहीत, खापरं जमवली. पुढं पुण्याला जाऊन प्राचीन इतिहासात एम.ए. केलं, उत्खननांवर हंगामी कामं केली. कायमची नोकरी मात्र कुणी दिली नाही. शेवटी त्यानं जमीन मोजणीचा कोर्स केला आणि कतारला एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीत सर्व्हेअर म्हणून गेला.

पहिली काही वर्षं त्याची पत्रं जाडजूड असत. अल खोर नावाच्या किनाऱ्यावरच्या गावाजवळ एका बेटावर त्याला पांढरी सापडली होती. ‘आई, अगदी आपल्यासारखी भुरकट माती, राख, खापरं! इथं खाली एखादं शहर असणार. आपल्या सिंधूच्या लोकांचं असलं तर?’ मी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं होतं. मग पत्रं बारीक झाली, आणि एक दिवस पांढरीचं नावच त्यांतून गेलं. मी विचारलं की तो हवापाण्याचं लिहायचा.

अशातच एका संग्रहालयात साहाय्यकाची जागा निघाली. त्याच्या जुन्या सरांनी खटपट करून त्याचं नाव मुलाखतीच्या यादीत घातलं आणि मला निरोप पाठवला की याच वर्षी आला तर आला, पुढच्या वर्षी तो वयात बसणार नाही. मी अवीला कळवलं. उत्तर आलं, ‘बघू.’ आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही. लोक देश बघायला परदेशी जातात. मी मुलाचा कान धरून त्याला परत आणायला गेले होते, हे वाचकांना आधीच सांगितलेलं बरं.

दोहा

विमानतळावर पहिली धाड पडली ती अनारशांवर. अवीला आवडतात म्हणून तांदूळ भिजवण्यापासून सगळं रीतसर करून मी डबा भरून अनारसे नेले होते. कस्टमच्या अधिकाऱ्यानं झाकण उघडलं, एक अनारसा उचलला आणि त्यावरची खसखस नखानं खरवडून बघितली. मग त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. खसखस ही अफूच्या बोंडातली आणि या देशात तिला बंदी, हे मला कोण सांगणार? मी हिंदीतून सांगू लागले की हे दिवाळीचं पक्वान्न आहे, मी शिक्षिका आहे. त्या भल्या माणसानं माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, डबा कचऱ्याच्या पिंपात उपडा केला आणि रिकामा डबा मला अदबीनं परत दिला. “खलास, मामा,” म्हणाला. इथं म्हाताऱ्या बाईला मामा म्हणतात हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र अनारशांपेक्षा त्याचाच जास्त राग आला.

बाहेर अवी उभा होता. चार वर्षांनी बघत होते. उन्हानं काळा पडला होता आणि डोळे बारीक करून बघायची सवय लागली होती, सावलीतसुद्धा. तो वाकून पाया पडला. मी म्हटलं, “अनारसे गेले रे.” तो म्हणाला, “जाऊ दे, मी आता गोड खात नाही.”

अल मुंतझा

माझी भाची शैला आणि तिचे यजमान अल मुंतझा भागात राहत. यजमान बँकेत कारकून, त्यांच्याच नावावर माझा व्हिसा निघाला होता. जिना उतरलं की खाली मलबारी वाण्याचं दुकान, शेजारी पाकिस्तानी न्हावी, समोर खबूस भाजणाऱ्या इराण्याची भट्टी. खबूस म्हणजे परातीएवढी तंदूरची रोटी. मी नेलेल्या पिठाच्या भाकरी शैलानं पहिल्याच दिवशी थापायला लावल्या आणि शेजारच्या दोन बिऱ्हाडांत अर्धी-अर्धी वाटली. तिची मुलगी मराठीतलं सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. मी तिला ‘पाणी आण’ म्हटलं की ‘कोल्ड ऑर नॉर्मल?’ असा उलटा प्रश्न यायचा.

ते पाणीही समुद्राचं. समुद्र उकळून त्याची वाफ गोड करतात आणि टँकरनं घरोघर पोचवतात. आमच्या नगर जिल्ह्यात टँकर आला की भांडणं होतात, इथं टँकर येतो आणि कुणी खिडकीतून डोकावतही नाही. शैलानं मला गच्चीवरून सारं शहर दाखवलं. सगळीकडे क्रेन उभ्या. रस्ते आधी झालेले, घरं मागून येणार. मी म्हटलं, मोहेंजोदडोतसुद्धा आधी आखणी केली असणार. शैला म्हणाली, “मावशी, तिथले लोक तिथं राहायला तरी आले होते. आपण सगळे इथं परत जायचं ठरवून आलोय. माझे पडदे बघितलेस? मुद्दाम सुटकेसमध्ये मावतील असे शिवलेत.”

त्या संध्याकाळी अवी शैलाकडे जेवायला आला तेव्हा मी मुलाखतीचा विषय काढला. तो खबूसचा तुकडा मोडत राहिला. “शुक्रवारी सुट्टी असते,” तो म्हणाला. “तुला आमच्या कामगारांच्या राहण्याचा कँप दाखवतो, बेटही दाखवतो. मग बोलू.” त्यानं ‘बघू’ म्हटलं नाही, ‘बोलू’ म्हटलं. एवढ्याशा अक्षरावर मी शुक्रवारपर्यंत तगले.

अल खोरच्या रस्त्यावर

कंपनीची पिकअप हुसेन चालवत होता. रायगडातल्या म्हसळ्याचा, अवीच्याच वयाचा. “बाई, तुमी आमच्या आयेसारक्या,” म्हणून त्यानं पुढची सीट फडक्यानं पुसली. वाटेत झाड नाही, ओढा नाही, टेकाडही नाही. इतकी सपाट जमीन मी जन्मात पाहिली नव्हती. आणि सगळी भुरकट! मी दोनदा ‘ती बघ पांढरी’ म्हणून ओरडले. अवी हसला. “मीही पहिलं वर्षभर असाच ओरडायचो. इथं सगळा देशच पांढरा आहे, आई. चुनखडी आहे ती. कुणी राहिलं म्हणून झालेली नाही.”

कँप रस्त्याच्या कडेला होता. फाटकातून आत शिरले आणि मी थबकलेच. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, एका मापाच्या खोल्या, कडेनं झाकलेली गटारं. एका टोकाला सामायिक न्हाणीघर, दुसऱ्या टोकाला उंचवट्यावर धान्याचं कोठार. सहावीच्या पुस्तकातलं चित्र उचलून पत्र्यात उभं केलेलं! “अवी,” मी म्हटलं, “हे तर…”

“हो. मीच आखलंय. साहेबाला कळलंही नाही कुठून घेतलंय ते.”

मला कोण आनंद झाला! वाटलं, पोराच्या आत अजून सगळं शाबूत आहे, माझी निम्मी लढाई झाली. कँपात बायकांना मज्जाव असतो, पण सुट्टीचा दिवस आणि सर्व्हेअरची म्हातारी आई, म्हणून मला सोडलं होतं. सांगोल्याचे, पारनेरचे, जतचे गडी गोळा झाले. कुणी सुतार, कुणी वेल्डर, कुणी डंपरवाले. त्यांनी पिठलं केलं होतं, त्यात मिरची इतकी की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जेवण झाल्यावर सांगोल्याचा पांडुरंग नावाचा सुतार अवघडून म्हणाला, “बाई, एक इनंती हाय. आमच्या खोल्या बघा अन् आमास्नी जरा रागवा.”

“रागवू? कशासाठी?”

“कशासाठीबी. पसारा हाय, अंगुळ केली न्हाई, कायबी. लई वर्सं झाली कोन घरच्यावानी रागावलं न्हाई. सायेब शिव्या देतो, ती येगळी गोष्ट.”

मी खोल्या बघितल्या आणि रागावले. पांघरूण का घडी करत नाहीस, दाढी का वाढवलीस, बायकोला पत्र का लिहीत नाहीस. दांडगे बाप्ये माना खाली घालून उभे होते आणि हसू दाबत होते. एक जण हसता हसता बाहेर निघून गेला तो परत आला नाही. मी रागावत राहिले खरी, पण डोळे दारांकडे आणि दोऱ्यांकडे जात होते. एवढ्या गल्ल्या, आणि एका दारापुढं रांगोळी नाही, एका दोरीवर लहान मुलाचं झबलं नाही. माझा सकाळचा आनंद कुठं गेला ते मला कळलं नाही.

बेट

बेटावर ओहोटीला चालत जाता येतं. आजूबाजूला तिवरांची झाडं, कोकणात खाडीला असतात तशी. हुसेन त्यांना बघून खुलला. “ह्यां बगा आमचा म्हसळा,” म्हणाला, आणि लुंगी खोचून पुढं झाला. मधेच माझी चप्पल चिखलानं गिळली. मी एका पायावर, हुसेन कोपरापर्यंत चिखलात, अवी मला धरून. चप्पल निघाली ती अंगठा तुटून. उरलेलं बेट मी अनवाणी बघितलं.

अवीची पांढरी एका बाजूला होती. चुनखडीच्या पांढऱ्यात आणि तिच्यात फरक होता. ही खरंच राखेची, मऊ, पायाला ओळखीची वाटावी अशी. खापरं पडली होती. आणि शिंपले! लहान काटेरी शंख, ढिगानं, सगळे ठेचलेले.

“मी तीन हिवाळे दर शुक्रवारी इथं येत होतो,” अवी म्हणाला. “खणलं नाही, परवानगी नव्हती. नुसतं मोजलं, कागदावर उतरवलं. भिंत शोधत होतो. एक भिंत मिळाली की रस्ता मिळेल, रस्ता मिळाला की शहर. आपल्याकडे असंच असतं ना? पांढरी म्हणजे गाव. मी कंपनीत सांगितलं, तुझ्या वर्गाला कळवलं, सरांना कळवलं की शहर सापडलंय. मग परदेशातले खणणारे आले. मी माझे सगळे नकाशे घेऊन त्यांच्याकडे गेलो.”

“मग?”

“त्यांनी चहा दिला. नकाशे छान आहेत म्हणाले. आणि सांगितलं की इथं गाव कधी नव्हतंच.” तो उकिडवा बसला आणि मूठभर शंख उचलले. “यातून जांभळट तांबडा रंग निघतो. वरती इराकात, नद्यांच्या काठी मोठी शहरं होती, तिथल्या राजांच्या वस्त्रांना तो लागायचा. मग ठेचायला माणसं इथं यायची. हंगामभर राहायची, शंख ठेचायची, मासे भाजून खायची, परत जायची. पुढच्या हंगामाला दुसरी. ही राख त्यांच्या चुलींची. हे गाव नाही, आई. हा कँप आहे.”

त्यानं एक खापर माझ्या हातात दिलं. जाड, लालसर, साधं. त्यावर भेग गेलेली, आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडलेली. दोरा ओवून मडकं शिवलं असणार. मी खूप वेळ त्या भोकांवरून बोट फिरवत राहिले. नवं मडकं घरी गेल्यावरच मिळणार, तोवर हे पुरवायचं, असं त्या माणसाला वाटलं असेल.

“आपल्या पांढरीत घराच्या जमिनीखाली काय निघतं, तू पाहिलंयस ना?” अवी म्हणाला. “दोन रांजण तोंडाला तोंड लावून, आत मेलेलं तान्हं. आईपासून लांब जाऊ नये म्हणून घरातच पुरलेलं. मी तसलं काहीतरी शोधलं इथं. निदान एक खेळणं. एक बांगडी. या राखेत एक मूल मेलेलं नाही, आई. म्हणजे एक जन्मलेलंही नाही.”

हुसेन लांब पाण्याच्या कडेला बसला होता. तिथूनच ओरडला, “बाई, पानी चडाय लागला! यल्ला, चला!”

पण मला आता थांबवत नव्हतं. “तर मग चल ना घरी!” मी म्हटलं. “हेच सांग मुलाखतीत. जे सापडलं ते सांग. शहर नव्हतं, कँप होता, यात लाजण्यासारखं काय आहे? तुझी जागा तिथं आहे. पुढच्या सोमवारी मुलाखत आहे, शैलाच्या यजमानांनी माझ्याच विमानात तुझी सीट धरून ठेवली आहे.”

“मला लाज नाही वाटत,” तो म्हणाला. “मला तिथं राहता येत नाही. गेल्या खेपेला घरी आलो होतो तेव्हा सांगितलं नाही तुला. दोन-चार दिवस बरे गेले. मग ते सगळं अंगावर यायला लागलं. शेजारची पोरं, जात्याची घरघर, काकूचं ‘लग्न कधी’, तू दर घटकेला ‘जेवलास का’ विचारणं. गुदमरायला लागलं. इथं कुणी कुणाचं नाही. रात्री खोलीचं दार लावलं की मी कुणाचाच नसतो. मला आता तेच बरं वाटतं.”

मला रडू आलं नाही, राग आला. पांडुरंगानं मला रागवायला सांगितलं होतं, तिथं मला शब्द सुचत होते. इथं माझा स्वतःचा मुलगा समोर उभा, आणि एक शब्द सुचेना. मी जन्मभर शहरांबद्दल बोलत आले. ती शहरं उठली कशी, ओस पडली कशी, हे फळ्यावर लिहून दिलं. माणूस आतून ओस पडतो ते कसं शिकवायचं असतं? माझ्या हातातून तो गेलाय हे मला तिथं, त्या राखेत उभी असतानाच कळलं होतं. तरी परत पाण्यातून येताना मी म्हटलं, “सीट धरलेली आहे. विचार कर.” पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. त्यानं माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाला, “बघू, आई.”

अबू हमूरचा माळ

तरी आशा कशी असते पाहा. निघायच्या दिवशी सकाळी मी माझ्या बॅगेत त्याच्या कपड्यांसाठी जागा ठेवली. माझी जादा साडी आणि पितळी कढई शैलाला देऊन टाकली, वजन बसावं म्हणून. तिनं कढई ठेवून घेतली.

दुपारी पिकअप आली. हुसेन चाकावर, अवी शेजारी. मी आधी मागच्या हौद्यात बघितलं. तिथं लाकडी खुंट्यांचा भारा होता, एक हातोडा आणि गेरूची दोन पोती. बॅग नव्हती.

“विमान संध्याकाळी आहे,” अवी म्हणाला. “वाटेत थोडं काम उरकून घेतो. अल खोरचा कँप उठतोय, पत्र्याच्या खोल्या उद्या ट्रेलरवर येतील. नवी जागा आखून द्यायची आहे.”

अबू हमूरकडचा माळ विमानतळापासून फार लांब नाही. तिथं काही म्हणजे काही नव्हतं. वारा होता. अवी दुर्बीण लावून खुणा करत हिंडला, हुसेन त्याच्यामागून खुंट्या ठोकत गेला. मी पिकअपच्या सावलीत बसून होते. एकदा वाटलं, जाऊन सरळ त्याच्या पाया पडावं. आईनं मुलाच्या पाया पडू नये म्हणतात, पण इथं बघायला कोण होतं? उठलेही. तेवढ्यात कंपनीची दुसरी गाडी आली आणि कसल्याशा कामासाठी हुसेनला घेऊन गेली.

अवीनं घड्याळ बघितलं, मग माळ बघितला, मग मला. या देशाच्या जमिनीवर चुन्याची फक्की दिसत नाही म्हणून इथं गेरूनं रेघा मारतात. रेघ मारायला दोरीची दोन टोकं धरणारी दोन माणसं लागतात.

“आई, जरा येतेस? हे टोक धरायचंय.”

मी गेले. त्यानं दोरीचं टोक माझ्या हातात दिलं, मनगटाला एक वेढा दिला आणि मला पहिल्या खुंटीपाशी उभं केलं. मग तो दोरी सोडत सोडत चालत निघाला. चांगला लांब गेला. त्याच्या सदऱ्याचा रंगही कळेनासा झाला तेव्हा थांबला, गुडघ्यावर बसला आणि एक डोळा मिटून माझ्या दिशेनं बघू लागला.

मला वाटलं, दोरी सोडून द्यावी. आखणी झाली नाही तर उद्या खोल्या उतरणार नाहीत, खोल्या उतरल्या नाहीत तर…

“सैल पडतेय, आई!” तो तिकडून ओरडला. “ताठ धर!”

माझ्या पोरानं मागितलेल्या कशालाही मी आजवर नाही म्हटलेलं नाही. मी दोन्ही हातांनी दोरी ताणून धरली. गेरूची रेघ मारत तो दोरीच्या कडेकडेनं माझ्याकडे येत गेला, माझ्या पायापाशी आला, आणि मान वर न करता रेघेकडे बघत म्हणाला, “बघ, पहिला रस्ता किती सरळ आला.”